पाचवा पाय

१

बुधवारी सकाळी साडेनऊला मी नकाशांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढला. आत फक्त पांढरं फडकं होतं, नीट चौकोनी घडी घातलेलं.

खण परत लावला आणि पुन्हा ओढला. वरचे तिन्ही खण बघितले, कपाटामागे हात घालून चाचपलं. जळगावातल्या या वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. हरवलेली पुस्तकं शोधणं माझ्या रोजच्या कामातलं. पण त्या सकाळी तोच खण मी पुन्हापुन्हा उघडत राहिले.

गेलं होतं एक चित्र. शाळेच्या पाटीएवढं, काचेच्या फ्रेममधलं. 'पेंटरच्या घरी आज काय?' या पुस्तकातलं नववं. आमच्या भागात ज्या घरात मूल वाढलं, त्या घरात हे पुस्तक कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. भडगावचा एक साइनबोर्ड रंगवणारा, त्याची बायको, एक मुलगा आणि एक मुलगी. बापाला काम मिळत नाही. मिळालं तर लोक मजुरी म्हणून दुधी भोपळा देतात. आणि एक दिवस घरात काहीच नसतं, तेव्हा बाप चुलीमागच्या भिंतीवर भरल्या वांग्यांची कढई रंगवतो आणि सगळे तिच्यासमोर ताटं मांडून बसतात. झुलाल पेंटर यांनी हे पुस्तक १९८१ साली स्वतःच्याच घरावरून लिहिलं आणि रंगवलं.

झुलाल पेंटर माझे मामा. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्याआधी एका दुपारी बाराही मूळ चित्रं गाडीत घालून ते जळगावला आले आणि म्हणाले, "रत्ना, ही तुझ्या ताब्यात. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नाहीत."

चिंधा आला तेव्हा मी अजून कपाटापाशीच उभी होते. चिंधा आमचा शिपाई. तो दाराशीच थांबून भिंतीकडे बघायला लागला. तिथं आठव्या आणि दहाव्या चित्राच्या मध्ये नुसता खिळा होता.

"ताई, नऊ नंबर कुठं गेलं?"

"चोरीला गेलं, चिंधा."

वाचनालयाच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे असते, एक माझ्याकडे.  त्यानं खिशातून स्वतःची किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

२

अध्यक्षांनी फोनवर आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"नव्या आवृत्तीसाठी शुक्रवारी चित्रं स्कॅनिंगच्या मशीनवर घ्यायची आहेत. उद्या संध्याकाळी सहापर्यंत ते चित्र सापडायला हवं. नाही तर मी पोलिसांत तक्रार देतो. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याचं नाव तक्रारीत येईल."

"किल्ली माझ्याकडेही आहे, साहेब."

"तुम्ही पेंटरच्या भाची. तुम्ही कशाला घ्याल?"

म्हणजे चिंधाच. मी फोन ठेवला आणि लगेच धुळ्याला बेबाअक्कांना लावला.

बेबाअक्का माझ्या थोरल्या नणंद, माझे यजमान दीपक यांची बहीण. धुळ्याला पोलीस खात्यात तीस वर्षं हवालदार होत्या आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी लोकांचे जबाब लिहून घेण्यात घालवली. माणसाला बोलू द्यायचं, वळणदार अक्षरात लिहायचं, मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्या म्हणायच्या, "पहिल्यांदा सांगताना माणूस तयारी करून सांगतो. वाचून दाखवल्यावर तो काय दुरुस्त करतो ते ऐकायचं."

"चित्र शेवटचं कधी पाहिलंस, तिथून सांग," त्या फोनवर म्हणाल्या.

सोमवारी दुपारी धुळ्याचा फोटोग्राफर चंदन चित्रं बघायला आला होता. शुक्रवारचं काम त्याचंच. त्या वेळी हॉलमध्ये मी होते, चिंधा होता आणि मामांचे चिरंजीव ज्ञानेश्वर, आमचे ज्ञानूभाऊ, होते. ते इथं शाळेत गणित शिकवतात. माझी आई कुंदाबाईही होती. तिचा डोळ्यांचा दवाखाना जवळच आहे, म्हणून ती तिथून येऊन बाकावर बसली होती. नवव्या चित्रात दोन मुलं एका गोधडीत झोपलेली आहेत. गोधडी आखूड, त्यामुळे पाय बाहेर. चंदननं त्या चित्रावर टॉर्च आडवा धरला आणि म्हणाला, "ही मधली उशी नंतर रंगवलेली आहे. खाली दुसऱ्या रंगाची कड लागतेय, गोल. शुक्रवारी मशीनखाली घेतलं की काय आहे ते कळेल."

सगळे गेल्यावर मी ते चित्र भिंतीवरून उतरवलं आणि खालच्या खणात ठेवलं. चंदनला तेच पहिलं हवं होतं. दुसऱ्या दिवशी वाचनालयाला सुट्टी होती आणि मी दिवसभर ग्रंथपालांच्या बैठकीला चोपड्याला गेले होते. माझी किल्ली घरी खुंटीला होती.

"खणाचं कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही. दीपकनाही नाही."

"मग आताही बोलू नकोस," अक्का म्हणाल्या. "मी चंदनला इथंच भेटून तिकडे येते."

३

चारच्या बसनं अक्का आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत रेघांच्या कागदांचा गठ्ठा. चंदनचा जबाब त्यांनी धुळ्यातच घेतला होता. मंगळवारी दिवसभर तो दोंडाईच्याला एका लग्नात फोटो काढत होता, साठ-सत्तर माणसं साक्षीला.

"त्यानं काय दुरुस्त केलं?" मी विचारलं.

"मी लिहिलं होतं, चित्र पोस्टर कलरमधलं आहे. तो म्हणाला, नाही, चित्र ऑइल पेंटमधलं आहे, दुकानाच्या पाट्या रंगवतात तो. पोस्टर कलर फक्त उशीला आहे." अक्कांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. "मला रंगांतलं कळत नाही. पण असं का केलं असावं, ते त्यालाही कळेना."

मग चिंधा. तो खुर्चीत बसेना, उभाच राहिला. मंगळवारी तो एरंडोलला बहिणीकडे होता. किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती, शर्ट त्याच्या अंगावर होता. अक्कांनी सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं: "...बुधवारी सकाळी मला कळालं की भिंतीवरून नऊ नंबरचं चित्र चोरीला गेलं आहे. मी या वाचनालयात एकोणीस वर्षं नोकरी करतो..."

भिंतीवरून. मी तोंड उघडलं, पण अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी गप्प बसले. त्यांची चूक झाली की काय, मला कळेना.

चिंधा ऐकत होता. "एक चुकलं," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं सात महिने."

त्यानं सही केली. जाताना त्यानं वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला, पंखे बंद केले, आणि मग मला हळूच विचारलं, "ताई, पोलीस घरी येतील का? म्हातारी आई शे घरात."

मी त्याच्याबरोबर दारापर्यंत गेले.

तो गेल्यावर अक्का म्हणाल्या, "पुस्तक दाखव मला. मी कधी वाचलं नाही."

छापील प्रत मी समोर ठेवली. त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं. कढईच्या पानाशी थोडं हसल्या. नवव्या पानावर थांबल्या आणि बोटानं काहीतरी मोजायला लागल्या.

"रत्ना, डोकी दोन. पाय पाच कसे?"

मला त्याही अवस्थेत हसू आलं. तो या पुस्तकातला जुना गमतीचा प्रश्न आहे. शाळाशाळांत मुलं पाय मोजतात आणि ओरडतात. कोणी म्हणतं पेंटर चुकला, कोणी म्हणतं तो बापाचा पाय. लहानपणी सुट्टीत भडगावला गेले की मीही विचारायची, मामा, पाचवा पाय कोणाचा? ते म्हणायचे, जो विचारतो त्याचा.

"बापाचा नाही," अक्का म्हणाल्या. "बघ की. घोट्याला काळा दोरा आहे. दोरा तान्ह्या लेकराच्या पायात बांधतात. या दोघांच्या चार पायांत कुठंच नाही."

पंचेचाळीस वर्षं ते पान माझ्या डोळ्यांखाली होतं. दोरा मी पाहिला होता. तो कोणाच्या पायात असतो, याचा विचार कधी केला नव्हता.

४

गुरुवारी सकाळी आठलाच ज्ञानूभाऊ आले. अक्कांनी बोलावण्याआधीच. रात्रभर झोपले नसावेत, डोळे लाल होते.

"चित्र सापडलं का?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं.

मला एकदम आठवलं. सोमवारी सगळ्यांत शेवटी तेच निघाले होते आणि दारात मला म्हणाले होते, "नववं दोन दिवस माझ्याकडे दे. शुक्रवारनंतर आणून देतो." मी नाही म्हटलं होतं. हे मी अक्कांना सांगायचं विसरले होते. आता सांगितलं, त्यांच्यासमोरच.

ज्ञानूभाऊंचा चेहरा उतरला. "हो, मागितलं होतं."

"कशाला?" अक्कांनी विचारलं.

"चित्राची अवस्था चांगली नाही. रंग सुटतोय."

"मंगळवारी कुठं होतात?"

"शाळेत. पाच तास होते. हजेरीपट आहे."

"रत्नाच्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे?"

"नाही."

अक्का लिहीत राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला दर मिनिटाला ऐकू येत होता. सहा वाजायला साडेनऊ तास होते. लिहून झाल्यावर त्यांनी वाचायला सुरुवात केली. "...वाचनालयाच्या भिंतीवरून जे चित्र गेलं, ते माझ्या वडिलांनी रंगवलेलं आहे. त्या चित्रात माझी बहीण सारिका आणि मी अशी दोन भावंडं झोपलेली आहोत."

भिंतीवरून, या शब्दावर ते काहीच बोलले नाहीत. पण शेवटच्या ओळीवर त्यांनी हात वर केला.

"तसं नको. 'दोन भावंडं झोपलेली दिसतात' असं लिहा."

"दिसतात?"

"हो."

"फरक काय पडतो, सर?"

  त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. "बाबांना मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "मी आठ वर्षांचा होतो. यापुढे मला विचारू नका. चिंधावर मात्र आळ येऊ देऊ नका. वाटल्यास माझं नाव लिहा."

"तुम्ही नेलंत का चित्र?"

"नाही."

"मग तुमचं नाव कशाला लिहू?" अक्कांनी पेनाला टोपण लावलं. "रत्ना, किल्ली तुझ्या घरात खुंटीला होती. आता घरातल्यांचे जबाब घ्यायचे राहिले. दुपारी जेवायला घरी जाऊ."

५

घरी दीपक नव्हते, ते भुसावळला ड्युटीवर. आई ओट्यापाशी पाट टाकून मेथी निवडत बसली होती. माझी आई शहात्तर वर्षांची आहे. माहेर भडगाव, सासर फैजपूर. माझे वडील तोताराम गेल्यावर ती केळीचा मळा वाट्यानं देऊन माझ्याकडे आली. लिहिता-वाचता येत नाही, सहीपुरतं नाव गिरवते. बुधवारी चित्र गेल्याचं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तुझ्यावर तर काही येत नाई ना?"

"मावशी, तुमचाही जबाब घेते," अक्का म्हणाल्या. "किल्ली घरात होती म्हणून. नुसता रिवाज आहे."

"घ्या की."

मंगळवारी ती घरीच होती. दुपारी जरा डोळा लागला. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. किल्ली खुंटीला होती ती खुंटीलाच होती. बोलताना तिची बोटं थांबली नाहीत. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

मी भात कुकरला लावत होते. संध्याकाळी अध्यक्षांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात चाललं होतं. पाठीमागे अक्का एका सुरात वाचत होत्या.

"मी कुंदाबाई तोताराम, वय शहात्तर. मंगळवारी मी दिवसभर घरीच होते. बुधवारी माझी मुलगी रत्ना हिच्याकडून मला कळालं की तिच्या मामाचं चित्र वाचनालयाच्या भिंतीवरून कोणीतरी नेलं..."

"भिंतीवरून नाई," आई म्हणाली. "खणातून. खालच्या खणातून गेलं ते. कागदावर चुकीचं कशाले लिवता? उद्या रत्नाले कोणी विचारलं तर?"

कुकरचं झाकण माझ्या हातातच राहिलं.

खणाचं मी तिला सांगितलं नव्हतं. अक्कांशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं.

अक्का वाचायच्या थांबल्या.  आईच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

६

"चौघांनाही मी तसंच लिहून वाचून दाखवलं," अक्का मला म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "चंदन, चिंधा, ज्ञानेश्वर, तिघांनीही ते जाऊ दिलं. त्यांनी शेवटचं भिंतीवरच पाहिलं होतं. ज्यानं खणातून काढलं त्यालाच ते खटकणार होतं. पण तुझी आई असेल असं मला वाटलं नव्हतं. तुझ्यावर ठपका येऊ नये म्हणून तिनं ते दुरुस्त केलं."

"आई, तू कशाला घेशील चित्र?" मी विचारलं. "तुला तर ते दिसतही नाही धड."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मी सांगू का, मावशी?" अक्कांनी विचारलं. "चुकलं तर दुरुस्त करा."

आईनं मान हलवली.

"चित्रात आधी तीन लेकरं होती. तिसरं सगळ्यांत धाकटं, पायात काळा दोरा असलेलं. मग पेंटरनं त्या लेकराच्या डोक्यावर उशी रंगवली. पाय तसाच ठेवला. ज्ञानेश्वर तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याला ते लेकरू आठवतं, आणि कोणाला सांगायचं नाही असा शब्द बापानं त्याच्याकडून घेतला. सोमवारी चंदन म्हणाला, शुक्रवारी खालचं दिसेल. ते दिसू नये असं दोघांना वाटलं, त्याला आणि तुम्हाला. पण जग पाहील याची तुम्हाला भीती नव्हती. जगाला त्याचं काय? एका माणसानं पाहू नये, असं तुम्हाला वाटत होतं. ती रोज त्याच हॉलमध्ये बसते. आणि दीपकच्या लग्नात मी ऐकलं होतं, तोतारामभाऊंच्या घरी चौदा वर्षं पाळणा हलला नव्हता."

मी ऐकत होते. शब्द कळत होते. पण ते कोणाबद्दल चाललंय ते समजायला मला वेळ लागला. वाचनालयात एखादा माणूस स्वतःचंच नाव विसरल्यासारखा उभा राहतो, तशी मी उभी होते.

"महिन्याभरासाठी नेली व्हती," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुझा ताप उतरत नव्हता. झुलालच्या घरात दूध नव्हतं, औषध नव्हतं. मी म्हटलं, फैजपूरले गाय आहे, डॉक्टर आहे, बरी झाली की आणून सोडते. बरी झालीस. मग मंजुळा तुले न्यायले आली."

"मामी?"

"हो. आली आणि एकटीच परत गेली. त्यानंतर कोणी काही बोललं नाई. ना त्यायनं, ना आम्ही. तू शाळेत गेलीस, नाव लागलं तोतारामचं." तिनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "मंगळवारी किल्ली घेऊन गेले. भिंतीवर खिळा रिकामा. पण तू जपायची वस्तू नेहमी खालच्या खणात ठेवते, लहानपणापासून. फाडावं म्हटलं, हात झाला नाई. घरात ठेवलं तर तुले सापडलं असतं."

"मग कुठं आहे ते?"

"भडगावले. बसनं जाऊन मंजुळाच्या हातात दिलं. म्हटलं, हे तुझं शे. रत्नाले दाखवू नको."

घड्याळात दीड वाजला होता.  कुकरखालचा गॅस अक्कांनीच बंद केला आणि गाडीसाठी फोन लावला.

मी आईला म्हटलं, "तूही चल." ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. मग तिनं चपला घातल्या.

७

 मला आईचा राग आला होता आणि तिची काळजीही वाटत होती. तिला गाडी लागते, म्हणून दोनदा थांबायला लावलं.

मामी दारातच होत्या. मंजुळामामी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, अंगानं वाळलेल्या. सुट्टीत मी यायची तेव्हा त्या माझ्याशी फार बोलत नसत. ज्ञानूभाऊ आणि सारिकाताईंना जवळ घेत, मला लांबूनच वाढत. माझ्या मनात त्याचा लहानपणापासून सल होता. मामीला मी आवडत नाही, असं मी धरून चालले होते.

आई ओट्यावरच बसली. आत यायला तयार होईना.

चित्र आतल्या खोलीत खाटेवर होतं, फ्रेममधून काढलेलं. शेजारी वाटीत पाणी आणि एक मऊ कापड. पाणी दुधासारखं पांढरट झालं होतं.

उशी नव्हती. उशीच्या जागी एक लहान मूल झोपलं होतं. तोंड थोडं उघडं, एक गाल दाबला गेलेला, कपाळ घामानं चमकणारं. ताप असलेलं मूल झोपतं तसं.

"ज्ञानूना बापनी माले सांगेल व्हतं," मामी म्हणाल्या. "मी असा रंग लायेल शे का पानीघाई निंघी जाई. तुना मनमा ई तव्हय पुस."

अक्का पुढं आल्या. "आता कळालं," त्या म्हणाल्या. "साइनबोर्डचा माणूस. कुठला रंग पावसात टिकतो आणि कुठला वाहून जातो हे त्याच्यापेक्षा कोणाला ठाऊक असणार? खरंच झाकायचं असतं तर त्यानं ऑइल पेंटच लावला असता. हा त्यानं निघण्यासाठीच लावला."

"मग इतकी वर्षं का नाही पुसलंत, मामी?"

"चित्र छापखानामा, मंग पेटीमा, मंग तुना वाचनालयमा. मना हातमा कव्हय व्हतं? आनि व्हतं तरी..." त्या थांबल्या. "मी तुले लेवाले फैजपूरले उनी व्हती. तू कुंदाना पदर धरीसन रडाले लागनी. माले वळखंच नही. मी आठे घर उनू, भाकरी करी, सगळासले वाढी. मंग तू सुट्टीमा येवाले लागनी. जवळ लिधं तर सोडता येवाव नही, म्हनीसन जवळ लिधंच नही."

मी खाटेच्या कडेला बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी त्या चित्रातल्या मुलीच्या गालाकडे बघत बसले.

पावणेसहाला भानावर आले. आधी चिंधाला फोन केला आणि उद्या नेहमीच्या वेळेला ये, तुझी किल्ली माझ्या टेबलावर आहे, असं सांगितलं.  तो म्हणाला, "बरं ताई," आणि फोन ठेवायचं विसरला. पलीकडे तो आईला काहीतरी सांगत होता, ते मला ऐकू येत राहिलं.

मग अध्यक्ष.

"तक्रारीचा कागद तयार आहे," ते म्हणाले.

"चोरी झालेली नाही, साहेब. चित्र पेंटरच्या घरी आहे, त्यांच्या पत्नीकडे."

"तिथं कोणी नेलं?"

"घरच्या माणसानं. त्याची जबाबदारी माझी. लेखी हवं असेल तर लेखी देते."

"उद्या मशीनवर घेता येईल ना?"

"येईल. चित्र आता पूर्वीसारखं नाही. चंदनना सांगा, आहे तसं घ्या. नव्या पुस्तकात तसंच छापायचं."

"कोणी परवानगी दिली?"

मी मामींकडे बघितलं. "पेंटरनी," मी म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा मामी खोलीत नव्हत्या. बाहेर आले तर त्या ओट्यावर आईशेजारी बसलेल्या. दोघींच्या मध्ये हातभर अंतर होतं. अक्का पायरीवर बसून चपलेचा पट्टा नीट करत होत्या. मला वाटलं, आता भांडण होणार. मी उंबऱ्यातच थांबले.

"जनमनी तव्हय डोकं भरीसन केस व्हतात तिले," मामी म्हणाल्या.

"केस?" आई म्हणाली. "माझ्याकडे आली तवा टक्कल व्हतं."

"टक्कल कसानं? जावळ मी काढंच नही."

"डॉक्टरनं काढाले सांगितलं. ताप डोक्यात जातो म्हणे."

"माले इचारं का तुनी?"

"कोणाले विचारू? रात्रभर ती माझ्या खांद्यावर व्हती. दूध पाजलं की ओकायची."

"दूध तिले पचेच नही. ताकनी कढी दी व्हती तर पिती. माले माहीत व्हतं."

"मग सांगायचं व्हतं की."

"तू इचारं नही."

दोघी एकमेकींना एकेक गोष्ट दुरुस्त करत राहिल्या. मी कधी उभी राहिले, कोणत्या कुशीवर झोपायची, पहिला शब्द कोणता, तो भडगावला म्हटला की फैजपूरला. आईचा आवाज चढला, मामींचाही. अक्कांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, थांबवू का, असं विचारल्यासारख्या.

मी मान हलवून नको म्हटलं आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसले.